आरती येते, उत्तर येत नाही

लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा गेल्या हिवाळ्यात दूरध्वनी आला, तो काहीसा रागातच. "दादा, आपल्या घरी रोज देवपूजा होते, दहा दिवस गणपती बसतो, आणि या पोरीला हिंदू धर्माच्या प्रश्नात पाचपैकी दोन गुण!" पोरगी म्हणजे माझी पुतणी. वय वर्षे पंधरा. शाळेतील सराव परीक्षेची तिची उत्तरपत्रिका त्याने मला पाठविली आणि 'हा पूर्वग्रहच नव्हे काय' असा प्रश्नही सोबत जोडला.

प्रश्न साधा होता. हिंदू उपासनेत मूर्तीला महत्त्व का आहे याची दोन कारणे स्पष्ट करा आणि धर्मग्रंथाचा आधार द्या. पुतणीने लिहिले होते की, हिंदू लोकांसाठी मूर्ती फार महत्त्वाची असते. आमच्या घरी दरवर्षी गणपती येतो. आई मोदक करते, सर्वजण मिळून आरती म्हणतात, दहाव्या दिवशी विसर्जन होते. विसर्जनाच्या दिवशी तिला रडू येते. उत्तराखाली शिक्षिकेने लाल शाईत दोनच शब्द लिहिले होते : 'का? आधार?'

खरे सांगायचे, तर प्रथम माझ्याही मनात भावासारखाच संशय आला. परदेशातील शाळा, परधर्मीय शिक्षिका आणि हिंदू मुलगी, एवढे तपशील कानावर पडले की आपले मन निष्कर्षापर्यंत धावत जाते. पण उत्तर पुन्हा वाचले आणि मान्य करावे लागले की शिक्षिकेचे काहीही चुकले नव्हते. मुलीने मूर्तीचे महत्त्व सांगितलेच नव्हते. घरी काय होते ते सांगितले होते. ते रडू खरे होते, मोदकही खरे होते. परंतु प्रश्न 'काय करता' असा नव्हता, 'का करता' असा होता. आणि आपल्या घरांतून 'का' हा प्रश्न विचारण्याची चाल राहिलेली नाही.

ही परीक्षा म्हणजे काय, हे वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी शाळांत धर्मशिक्षण अनिवार्य झाले. १९८८ च्या कायद्याने त्याचे स्वरूप पालटले : देशाच्या परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहेत हे लक्षात घेऊनही अन्य प्रमुख धर्मांच्या शिकवणुकीची व आचारांची दखल घेतली पाहिजे, असे ठरले. सोळाव्या वर्षी होणाऱ्या जी.सी.एस.ई. परीक्षेत 'रिलिजस स्टडीज' हा विषय दरवर्षी दोन लाखांहून अधिक विद्यार्थी देतात. २०१६ पासून लागू झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रथम परीक्षा झालेल्या अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याला दोन धर्मांचा अभ्यास करावाच लागतो. बहुतेक शाळा ख्रिस्ती धर्म आणि जोडीला इस्लाम निवडतात. काही थोड्या शाळांत हिंदू धर्म शिकविला जातो. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समध्ये दहा लाखांहून अधिक हिंदू आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलांची स्वतःच्या धर्माशी पहिली बौद्धिक भेट या परीक्षेच्या मांडवात होते. काहींची तर तीही होत नाही.

माझी पुतणी ज्या ए.क्यू.ए. मंडळाची परीक्षा देणार आहे, त्याची पहिली प्रश्नपत्रिका ९६ गुणांची असून वेळ पावणेदोन तासांचा आहे. प्रत्येक मोठा प्रश्न चोवीस गुणांचा, आणि त्याचे उपप्रश्न एक, दोन, चार, पाच व बारा गुणांचे. यातील बारा गुणांच्या प्रश्नाकडे आपण नीट पाहिले पाहिजे. चोवीसपैकी निम्मे गुण एकट्या त्या प्रश्नाला आहेत, आणि ते माहितीला नव्हे तर युक्तिवादाला आहेत. उरलेले निम्मे माहितीला. म्हणजे ज्याला आपला धर्म पाठ आहे पण त्याविषयी वाद करता येत नाही, त्याने अर्धी परीक्षा पेन उचलण्यापूर्वीच गमावलेली असते.

आधी पाच गुणांच्या प्रश्नाचे पाहू. त्याचा हिशेब सरळ आहे. दोन मुद्दे हवेत. प्रत्येक मुद्दा नुसता मांडला तर एक गुण, उलगडून सांगितला तर दोन. आणि ग्रंथाच्या अचूक संदर्भाला एक. पुतणीच्या उत्तरातील सामग्रीच घेऊन हे उत्तर कसे उभे राहते पाहा. पहिला मुद्दा : परब्रह्म निर्गुण, निराकार आहे, परंतु देहधारी माणसाला निराकारावर मन स्थिर करणे कठीण जाते, म्हणून सगुण रूपाचा आश्रय घ्यावयाचा. हा विचार गीतेच्या बाराव्या अध्यायाच्या पाचव्या श्लोकात आहे. संदर्भाचा गुण तेथेच मिळाला. दुसरा मुद्दा : मूर्तीमुळे भक्ताला ईश्वराची सेवा करता येते. स्नान, नैवेद्य, आरती या उपचारांतून ईश्वराशी नाते जडते, आणि प्रेमाने अर्पण केलेले पानफूलही तो स्वीकारतो, असे गीतेच्या नवव्या अध्यायाचा सव्विसावा श्लोक सांगतो. आता विसर्जनाला जागा मिळते. मृत्तिकेची मूर्ती, तिच्यात प्राणप्रतिष्ठा, आणि ठरलेल्या दिवशी निरोप : मूर्ती ही ईश्वराची मर्यादा नव्हे, तर काही काळासाठी आवाहन केलेले स्थान आहे, हे विसर्जनाइतके स्पष्ट दुसरे काय सांगू शकेल? भागवताच्या एकादश स्कंधात पाषाण, काष्ठ, धातू यांपासून मनोमय मूर्तीपर्यंत आठ प्रकारच्या प्रतिमा सांगितल्या आहेत. त्या स्कंधावर मराठीत टीका लिहिणारे एकनाथ महाराज पैठणचे. आपल्या घरात ही संपत्ती शतकानुशतके आहे आणि मुलगी लिहिते, मला रडू येते! दोष मुलीचा नाही.

आणखी एक किरकोळ वाटणारी, पण गुण खाणारी गोष्ट. ब्रह्म, ब्रह्मदेव आणि ब्राह्मण हे तीन शब्द मराठी मुलाच्या कानाला कधीच एक वाटणार नाहीत. रोमन लिपीत मात्र ते सख्खे भाऊ दिसतात, आणि परीक्षेच्या घाईत 'ब्राह्मणाने विश्व निर्माण केले' अशी वाक्ये सहज लिहिली जातात. अभ्यासक्रमात मूर्ती, आत्मा, संसार, मोक्ष, वर्णाश्रमधर्म असे आपलेच शब्द ठेवलेले आहेत. ते अचूक वापरणे हा आपल्या मुलांचा सहज लाभ व्हावयास हवा होता. पण ज्या घरी मराठीच मागे पडली, त्या घरी हा लाभ कोठून येणार?

आता बारा गुणांचा प्रश्न. त्यात एक विधान दिलेले असते. विद्यार्थ्याने त्याच्या बाजूने सकारण मांडणी करावयाची, भिन्न मताचीही तितक्याच सकारण मांडणी करावयाची, धर्माच्या शिकवणुकीचा आधार घ्यावयाचा आणि शेवटी समर्थनीय निष्कर्षाला यावयाचे. एकच बाजू कितीही तळमळीने लिहिली, तरी उत्तर सहा गुणांच्या पलीकडे जात नाही. आपल्या अनेक पालकांना हे खटकते. "मुलांना स्वतःच्याच धर्माविरुद्ध लिहायला लावतात," अशी तक्रार मी स्वतः ऐकली आहे.

या तक्रारीचा मला अचंबा वाटतो. पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष हे शब्द काय केंब्रिजमधून आले? पूर्वमीमांसेत एका अधिकरणाची पाच अंगे सांगितली आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. त्या प्रश्नपत्रिकेतील सूचना यांच्या शेजारी ठेवून पाहा. विधान हा विषय, 'मूल्यमापन करा' हा संशय, मग दोन पक्ष, मग निर्णय. आद्य शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाचे म्हणणे इतक्या सामर्थ्याने मांडलेले असते की, नवखा वाचक तेच आचार्यांचे मत समजून बसतो. मंडनमिश्रांशी झालेल्या वादात पंच म्हणून मंडनमिश्रांच्या पत्नी उभयभारती बसल्या, अशी परंपरा सांगते. प्रतिपक्षाच्या घरातील व्यक्तीला न्यायासनावर बसविण्याइतका विश्वास त्या वादपद्धतीवर होता. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा यांत भेद केला : सत्य शोधण्यासाठी तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे नुसते खोडणे ही वितंडा. हल्ली आपल्या दूरचित्रवाणीवर जे चालते ते यांपैकी कोणत्या वर्गात बसते, हे वाचकांनीच ठरवावे. असो.

एक विधान घेऊ : 'कर्मसिद्धान्तामुळे माणूस अन्यायापुढे निष्क्रिय होतो.' अशा धर्तीच्या विधानावर बारा गुणांचा प्रश्न येऊ शकतो. आपला सुसंस्कारित मुलगा येथे दोनपैकी एक करतो. एक तर कर्मसिद्धान्त किती महान आहे हे आवेशाने लिहितो आणि सहा गुणांवर थांबतो. किंवा ओशाळून 'होय, पूर्वी हिंदू तसे मानत' असे लिहून मोकळा होतो. दोन्ही उत्तरे कच्ची आहेत. नीट लिहावयाचे तर पूर्वपक्ष असा : दुःख हे पूर्वकर्माचे फळ असेल, तर दुःखिताला साहाय्य करणे म्हणजे त्या न्यायात ढवळाढवळ ठरेल, आणि हा युक्तिवाद वापरून समाजातील विषमता प्रत्यक्षात समर्थिली गेली आहे. उत्तरपक्ष असा : कर्म तीन प्रकारचे सांगितले आहे, संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. मागील दोन आपल्या हाती नाहीत, तिसरे पूर्णतः आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून मी काय करतो, हेच माझे क्रियमाण कर्म. पाठ फिरविणे हेही कर्मच, आणि त्याचेही फळ आहे. अर्जुन शस्त्र टाकून बसला तेव्हा त्याला 'तुझे प्रारब्ध' म्हणून सोडून दिले गेले नाही; गीतेचा सारा उपदेश त्याला कृतीकडे वळविण्यासाठी आहे. मग निर्णय : विधान सिद्धान्ताविषयी खरे नाही, परंतु सिद्धान्ताच्या रूढ विपर्यासाविषयी खरे आहे. एवढे लिहिणारा विद्यार्थी वरच्या श्रेणीत जातो. त्याहून मोठी गोष्ट ही की, तो मुलगा पुन्हा कधी या प्रश्नाने गोंधळून जात नाही.

येथे कोणी विचारील, अस्पृश्यतेचे काय? तो प्रश्न येतोच. येऊ नये अशी अपेक्षा करणेही चूक आहे. वर्णाश्रमधर्माविषयी लिहिताना जन्मावरून उच्चनीच मानण्याचे पाप या समाजात घडले, हे मुलाने स्पष्ट शब्दांत लिहावे. त्यात आडपडदा नको. 'हे सारे इंग्रजांनी निर्माण केले' हे उत्तर परीक्षकाला पटणार नाही, आणि ते पटू नये असेच मला वाटते. चोखोबांच्या काळी इंग्रज नव्हते. मात्र त्याच उत्तरात पुढे लिहावे की, या पापाविरुद्ध याच समाजातून आवाज उठले. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी समाजाला आरशापुढे उभे केले. १९३१ मध्ये रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या पुढाकाराने पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडले. १९६९ च्या उडुपीच्या संमेलनात धर्माचार्यांनी अस्पृश्यतेला धर्माचा आधार नाही असे घोषित केले. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यता ही निःसंशय चूक आहे आणि ती समूळ गेली पाहिजे, असे निःसंदिग्धपणे सांगितले. बाबासाहेबांना अखेर १९५६ मध्ये नागपूरला वेगळा मार्ग का निवडावा लागला, हे त्या उत्तरात गाळू नये. ते वाक्य लिहिताना हात थबकतो; थबकू द्यावा, पण लिहावे.

कार्यकर्त्यांचा एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हलका लेखत नाही. धर्म म्हणजे 'रिलिजन' नव्हे. एक प्रेषित, एक ग्रंथ, एक श्रद्धावचन या साच्यासाठी ही परीक्षा घडविली आहे, आणि त्यात हिंदू विचार कोंबला की त्याचे हातपाय कापले जातात, असे ते म्हणतात. हे बव्हंशी खरे आहे. प्रथम 'श्रद्धा', मग 'आचार' ही विभागणीच आपल्याकडे परकी आहे; आपल्याकडे आचार आधी येतो, आणि श्रद्धा पुष्कळदा नंतर, कधी तर येतही नाही. पाठ्यसामग्रीतील चुकाही काल्पनिक नाहीत. २०२० मध्ये इंग्लंडमधील सोलिहल येथील एका शाळेच्या संकेतस्थळावरील अभ्यासपुस्तिकेत अर्जुनाच्या युद्धकर्तव्याचा संबंध दहशतवादाशी जोडलेला आढळला. तेथील हिंदूंनी आक्षेप घेतल्यावर ती पुस्तिका काढून घेण्यात आली. हा आक्षेप परिणामकारक ठरला, कारण महाभारतात काय आहे आणि काय नाही हे सांगू शकणारी माणसे समाजात होती. त्याच्या कितीतरी आधी, १९९६ मध्ये, विश्व हिंदू परिषदेच्या ब्रिटनमधील शाखेने 'एक्सप्लेनिंग हिंदू धर्म' हे शिक्षकांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक नवल प्रिंजा यांच्या संपादनाखाली सिद्ध केले. शीर्षकात 'हिंदुइझम' नाही, 'हिंदू धर्म' आहे. साचा बदलण्याचा प्रयत्न असा होतो. तो चालू ठेवला पाहिजेच. पण साचा बदलेपर्यंत दर मे महिन्यात आपली मुले त्या बाकांवर बसणार आहेत, आणि त्या दिवशी त्यांच्या हाती निषेधाचे पत्रक उपयोगाचे नाही.

ज्यांच्या शाळेत हिंदू धर्म शिकवीतच नाहीत, त्यांनीही हात टेकू नयेत. त्याच मंडळाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत कुटुंब, जीवसृष्टी, युद्ध व शांती, गुन्हा व शिक्षा अशा विषयांवरील प्रश्न असतात, आणि त्यांत ख्रिस्ती परंपरेसोबत अन्य परंपरेचे मत मांडण्यास वाव असतो. प्राण्यांवरील प्रयोगांविषयी लिहिताना अहिंसेचा विचार, पर्यावरणाविषयी लिहिताना ईशोपनिषदाचा पहिला मंत्र, शिक्षेविषयी लिहिताना कर्मविचार मुलगा आणू शकतो. कोणी बंदी केलेली नाही. मुलाला ठाऊक असले म्हणजे झाले. ख्रिस्ती धर्मातील त्रैक्य किंवा इस्लाममधील तौहीद यांविषयी लिहावयाचे, तर त्या धर्माच्या माणसाने वाचून 'होय, आम्ही असेच मानतो' म्हणावे इतके प्रामाणिक लिहावे. पूर्वपक्षाची कसोटी तीच आहे. दुसऱ्याचे म्हणणे वाकडे करून मांडणाऱ्याला आपले म्हणणे सरळ मांडता येत नाही, हा माझा पत्रकारितेतील जुना अनुभव.

हे सारे विलायतेचे झाले, आम्हाला काय त्याचे, असे पुण्या-ठाण्याच्या वाचकाला वाटू शकेल. आपल्याकडे तर ही परीक्षाच नाही. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाने पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई केली. वस्तुतः धर्मांविषयी शिकविणे आणि धर्माचे शिक्षण देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोठारी आयोगाने हा भेद मांडला होता आणि २००२ मध्ये अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. तरीही शाळा त्या वाटेला फारशा गेल्या नाहीत. उरले घर. घरी आपण पाठांतर घेतो : रामरक्षा, अथर्वशीर्ष, मनाचे श्लोक, गीतेचा पंधरावा अध्याय. स्पर्धा होतात, बक्षिसे मिळतात, छायाचित्रे छापून येतात. पाठांतराला मी नावे ठेवीत नाही; जिभेवर असलेले पुढे कधीतरी डोक्यात उतरू शकते. परंतु स्पर्धेत पंधरावा अध्याय घडघडा म्हणणाऱ्या मुलाला, त्यातील अश्वत्थाची मुळे वर का, असे परीक्षकांनी विचारल्याचे मी अद्याप पाहिलेले नाही. आणि हाच मुलगा पुढे अभियंता होऊन बंगळुरूला किंवा बोस्टनला गेला की, जेवणाच्या सुटीत सहकारी सहज विचारतो, "तुमच्या देवाला हत्तीचे डोके का?" तीही परीक्षाच. तेथे पाठांतर कामाला येत नाही आणि रागावणे तर मुळीच येत नाही.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून उभे आहे. हिंदू स्वयंसेवक संघाचे काम ब्रिटनमध्ये १९६६ पासून चालू आहे. शाखा आहेत, बालगोकुलम् आहेत, गणेशोत्सव तर आहेतच. यांपैकी कोठेही रविवारचा एक तास मुलांच्या हाती जुनी प्रश्नपत्रिका देऊन वाद घालण्यासाठी राखता येईल. एका मुलाने पूर्वपक्ष घ्यावा, दुसऱ्याने उत्तरपक्ष, आणि पुढच्या रविवारी बाजू पालटाव्यात. मोठ्यांनी मध्ये बोलू नये. हे सर्वांत अवघड आहे, मी जाणतो. आपल्याकडील संस्कारवर्गांनाही हे सहज जमेल. प्रश्नपत्रिका इंग्लंडची नको असेल तर स्वतः तयार करावी.

पुतणीशी मग दर शनिवारी माझी अर्ध्या तासाची बैठक ठरली. पहिले दोन शनिवार ती माझे ऐकत होती आणि तिसऱ्या शनिवारपासून विचारू लागली. मूर्तीचा प्रश्न तिने पुन्हा लिहिला आणि शिक्षिकेने पाचपैकी चार गुण दिले. गेला तो एक गुण संदर्भाचा, कारण बाराव्या अध्यायाऐवजी तिने अकरावा लिहिला होता. विसर्जनाचे वाक्य तिने ठेवले होते, रडण्याचे मात्र काढून टाकले होते. ते मला थोडे लागले.

गेल्या आठवड्यात तिने उलट माझीच परीक्षा घेतली. विधान दिले, 'घरातील पूजा मंदिरातील पूजेपेक्षा श्रेष्ठ आहे,' आणि समोर घड्याळ लावले. बारा गुण, तेरा मिनिटे. तीस वर्षे लेखणी चालविलेला मी, वारी, ज्ञानोबा, पंढरपूरचे मंदिरप्रवेशाचे आंदोलन आणि आमच्या आजीचे देवघर अशी तयारी मनात करीत ऐटीत लिहावयास बसलो. घड्याळ वाजले तेव्हा मी पूर्वपक्षाच्या तिसऱ्या परिच्छेदात होतो. "काका, निर्णय कुठे आहे?" ती म्हणाली, आणि मला सहापैकी पाच गुण दिले.